दोन महिन्यांच्या बाळाला वेखंडाचे फायदे काय? पावडर मधातून चाटवली तर चालते का?

नाही चालत. वेखंडही नाही आणि मधही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

माझा मुलगा सव्वादोन महिन्यांचा होता. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन रडायचा. वन्सं आल्या होत्या. येताना वेखंड पावडरची पुडी आणली होती. "वायूवर याच्यासारखं औषध नाही, शिवाय वाचा लवकर फुटते," म्हणाल्या आणि अर्धा चमचा मधात कालवून चाटवली. मी शेजारीच उभी होते. थोरल्या नणंदेचा हात कसा धरायचा, म्हणून गप्प राहिले. तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या. आधी दूध पडलं, मग नुसतं पिवळं पाणी. रात्री त्याने मान टाकली. डॉक्टर तीन वेळा विचारत होते, "काय दिलंत?" आणि आमच्यातलं कुणीच बोलेना. शेवटी मीच पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवस सलाइन होतं. एवढ्याशा हाताला शीर सापडत नव्हती.

वेखंडाने उलटी होते यात नवल काहीच नाही. आयुर्वेदात वेखंड, म्हणजे वचा, वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठीही वापरतात. म्हणून तर सासूबाई गुटी करताना हिरडा, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून झालं की वेखंडाचे दोन वेढे द्यायच्या. मोजून दोन. चमच्याने वेखंड देताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

फायदे विचारलेत, तर ते बाहेरून वापरण्याचे सांगते. पोट फुगलं की वेखंड पाण्यात उगाळायचं, कोमट करायचं आणि बेंबीभोवती लेप द्यायचा. बाळ शांत होतं, हा माझा अनुभव. कपड्यांच्या कपाटात एक कांडी टाकून ठेवा, कसर लागत नाही. पावडर अंगाला लावायची तर नाकातोंडापासून लांब.

आणखी एक. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं घातक रसायन असतं, आणि आपल्याकडच्या वेखंडात ते जास्तच. जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी झाल्या, त्यावरून अमेरिकेने 1968 मध्ये ते खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली. त्यामुळे आज मी वेढेसुद्धा देणार नाही. पहिले सहा महिने आईचं दूध, बस. रडणं थांबत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि घरात कुणी आधीच काही चाटवलं असेल तर तेही त्यांना सांगा, लपवू नका.

वन्सं अजून म्हणतात, "आम्ही सगळी भावंडं वेखंडावरच वाढलो." वाढलात, पण सासूबाईंच्या हातच्या दोन वेढ्यांवर. अर्धा चमचा तुमच्यापैकी कुणालाही कधी मिळाला नव्हता. तो पहिल्यांदा माझ्या मुलाला मिळाला.