चमक विझली, म्हणजे शिसं सापडलं का?

प्रश्न : सर, माझी मुलगी एम.एस्सी. करते. त्यांच्या प्रयोगशाळेत एक रंगद्रव्य आहे. पाण्यात शिसं असलं की जांभळ्या दिव्याखाली त्याची चमक विझते म्हणे. सुट्टीत तिने थोडं घरी आणून आमच्या बोअरच्या पाण्यात टाकलं, तर चमक विझली. ते पाणी प्यायचं बंद करू का?
– एक पालक, ता. औसा

उत्तर : तुमच्या जिवाला घोर लागला असणार, म्हणून आधी एक प्रयोग सांगतो. टॉनिक वॉटरची बाटली आणा. त्यात क्विनाइन असतं. अंधाऱ्या खोलीत, नोटा तपासायच्या दिव्याखाली ते निळंशार चमकतं. आता त्यात चमचाभर मीठ टाका. फसफसून फेस येईल, तो बसू द्या. निळाई स्पष्ट मंदावलेली दिसेल. शिशाचा इथे संबंधच नाही. मिठातल्या क्लोराइडने ती चमक मारली. बी.एस्सी.च्या पोरांना मी हे दर वर्षी दाखवायचो.

विझायला कारणं पुष्कळ असतात. तांबं विझवतं, लोह विझवतं, गढूळ पाणी प्रकाशच अडवतं. आणि बोअरचं पाणी खारं असलं तर विचारायलाच नको. म्हणून धातू भेटल्यावर पेटणाऱ्या रंगद्रव्यावर माझा जास्त भरवसा. रोडामाइन नावाच्या रंगद्रव्याच्या रेणूतली एक कडी मिटवून ठेवली की तो रंगहीन होतो, चमकतही नाही. धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, येऊन बसला की कडी उघडते, पाणी गुलाबी होतं आणि दिव्याखाली केशरी चमकतं. 1997 साली रसायनशास्त्रज्ञ अँथनी झारनिक आणि सहकाऱ्यांनी तांब्यासाठी हे करून दाखवलं. अर्थात, तिथेही दुसरा धातू कडी उघडत नाही ना, हे तपासावंच लागतं.

मुलीला सांगा, डिस्टिल्ड पाण्यात नुसतं मीठ घालून तीच चाचणी कर. तिने शंका घेऊन पाणी तपासलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. फक्त ते रंगद्रव्य स्वयंपाकघरात नको.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत अवघे 10 मिलिग्रॅम! ते डोळ्यांनी ठरवायचं काम नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा, ‘जड धातू तपासायचे आहेत’ असं स्पष्ट सांगा. अहवाल येईपर्यंत पिण्यापुरतं दुसरीकडचं पाणी आणा. नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घ्या आणि तळाशी आम्ल दिसलं तर ते धुऊन टाकू नका. त्याच्यावाचून शिसं बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं आणि अहवालात कमी दिसतं.