दिवाळीच्या सुट्टीत भाचरांना पुस्तक आणि खेळणं जोडीने द्यायचं, तर निवडायचं कसं?

तुमची तिन्ही भाचरं दिवाळीच्या सुट्टीत आजोळी येणार आहेत, वयं ३, ७ आणि ११. दरवर्षी तुम्ही पुस्तकं देता आणि मुलं वरचा कागद फाडून पुस्तक बाजूला ठेवतात. म्हणून यंदा पुस्तकासोबत खेळणं द्यावं का आणि कोणत्या पुस्तकाबरोबर कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

द्या, जरूर द्या. फक्त ते खेळणं औषधावरच्या साखरेसारखं नको. मुलं साखर चाटून घेतात आणि गोळी थुंकून टाकतात.

मी नाशिकला घराच्या पुढच्या खोलीत मुलांचं छोटं वाचनालय चालवते, नऊ वर्षं झाली. कोणतं पुस्तक कोपरे दुमडून आणि वरणाचा डाग घेऊन परत येतं आणि कोणतं नेलं तसंच येतं, हे मी रोज बघते. तरी सुरुवातीला माझ्याही हातून चूक झालीच. माझा भाचा सात वर्षांचा असताना त्याला दिवाळीत रिमोटची गाडी आणि जंगलातल्या प्राण्यांच्या गोष्टींचं पुस्तक दिलं होतं. दोन्ही वस्तू चांगल्या होत्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. गाडीचे सेल भाऊबीजेपर्यंत संपले. पुस्तक होळीच्या साफसफाईत दिवाणाखाली सापडलं, प्लास्टिकच्या वेष्टणासकट.

पुढच्या वर्षी त्याला एक भिंग दिलं आणि किडे-मुंग्यांवरचं बत्तीस पानांचं पातळ पुस्तक. फराळ झाल्यावर हा गॅलरीत तुळशीच्या कुंडीजवळ पोटावर आडवा, एक डोळा मिटलेला, भिंग मुंगळ्याच्या अगदी डोक्यावर. थोड्या वेळाने मातीच्या बोटाने पानं उलटायला लागला. मग कोपऱ्यातला कोळी दिसला, त्याचे पाय मोजले, पुन्हा पुस्तक उघडलं आणि तिथूनच ओरडला, "मावशी, हा किडा नाहीये! याला आठ पाय आहेत!" ते पुस्तक आता वाचनालयात आहे. कोळ्याच्या पानावर त्याच्या बोटाचा ठसा अजून आहे आणि मी तो पुसलेला नाही.

तेव्हापासून मी याच क्रमाने जाते. आधी पुस्तक निवडायचं. ते स्वतः शेवटपर्यंत वाचायचं, मुलांचं पुस्तक वाचायला वेळ तो किती लागतो! वाचताना लक्ष ठेवायचं की हे वाचून मुलाचे हात कशासाठी शिवशिवतील. ती वस्तू सोबत द्यायची. खेळता खेळता मूल पुन्हा पुस्तकाकडे वळलं पाहिजे, काहीतरी शोधायला, ताडून बघायला. गोष्टीतल्या पात्राची बाहुली सोबत मिळाली तर मूल बाहुली घेतं आणि पुस्तकाला विसरतं. बटण दाबलं की गाणं म्हणणारी खेळणी तर मुलासाठी काही करायचं शिल्लकच ठेवत नाहीत.

आता पुस्तकाविषयी. वेष्टणावर छापलेल्या वयावर जाऊ नका. तुमची भाचरं इंग्रजी माध्यमात असतील तर त्यांचं मराठी ऐकणं आणि मराठी वाचणं यांत दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. सात वर्षांच्या मुलाला ऐकताना दहा वर्षांच्या मुलासाठीची गोष्ट सहज कळते, पण स्वतः वाचायला बसलं की 'स्वातंत्र्य' किंवा 'उत्कंठा' अशा शब्दाशी अडतं, आणि दोन पानांत तीनदा अडलं की पुस्तक मिटतं. याला आपण 'आवड नाही' म्हणतो. माझ्याकडे नवीन मूल आलं की मी त्याला मधलंच एखादं पान मोठ्याने वाचायला लावते आणि ते अडखळलं की माझं एक बोट दुमडते. पान संपायच्या आत पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं. त्याच्या हाती देण्यासाठी दुसरं, सोपं शोधायचं. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असते, १ ते ४. त्याचा फार उपयोग होतो, आणि ती पुस्तकं स्वस्तही असतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिकाही खिशाला परवडते.

आणखी एक गोष्ट दुकानात उभ्या उभ्या बघता येते. पुस्तकावर लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव छापलंय का? दहा-दहा बोधकथांचे जे चकचकीत संच मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांवर कोणाचंच नाव नसतं. आतलं मराठी कुठल्यातरी भाषेतून शब्दाला शब्द ठेवून आणलेलं असतं. असा संच मी हातात आला की परत ठेवते. दहा नकोत, एकच घ्या, पण त्यातलं वाक्य मोठ्याने म्हटल्यावर आपल्या घरातलं वाटलं पाहिजे. माधुरी पुरंदरे यांची मुलांसाठीची पुस्तकं मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा घेते. त्यांतली मुलं खरंच आपल्याकडची मुलं बोलतात तशी बोलतात, आणि चित्रंही त्यांनी स्वतः काढलेली असतात.

तीन वर्षांच्या पिल्लासाठी जास्त विचार करू नका. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, पानावर एखाद-दुसरं वाक्य असलेलं, भाजीबाजाराचं किंवा प्राण्यांचं पुस्तक घ्या. सोबत सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या किंवा चार भांड्यांची भातुकली. पुस्तकात वांगं आलं की टोपलीतलं वांगं काढायचं, एवढाच खेळ. तो तुम्हाला वीस वेळा खेळावा लागेल. त्या वयाला तेच तेच हवं असतं, तेव्हा कंटाळलात तरी दाखवू नका. मात्र गोट्या, लोहचुंबकाचे तुकडे, बटणासारखे चपटे सेल असलेलं काहीही या वयाच्या आसपास नको. बटण सेल गिळला गेला तर थेट जिवावर बेतू शकतं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही तर घाबरू नका, पण नखाने खरवडून बघा, रंगाचे पोपडे निघत असतील तर नको.

सात वर्षांच्या मुलाला भिंगाची जोडी द्या, ती माझ्याकडे आजवर कधी फसलेली नाही. किड्यांऐवजी पानं-फुलं, बिया असं पुस्तक मिळालं तरी चालेल. भिंग काचेचं घ्या. खेळण्यांच्या दुकानातलं प्लास्टिकचं धूसर दिसतं, स्टेशनरीच्या दुकानात चांगलं मिळतं. आणि कागद किंवा वाळलेलं पान जाळायचा प्रयोग मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करायचा नाही, हे देतानाच सांगा. तो प्रयोग मुलं करतातच.

अकरा वर्षांच्या मुलासाठी माझ्या मनात दोन गोष्टी आहेत. वाचणारं मूल असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचं ते 'टॉक्', यांनी आमच्या पिढीला वाचायला लावलं आणि आजच्या मुलांनाही लावतात, फक्त पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे जुन्या वळणाच्या शब्दांशी ओळख होते. सोबत एक चांगली टॉर्च आणि खिशात मावेल अशी वही. टॉर्च कशाला ते मुलाला गोधडीत शिरल्यावर आपोआप कळतं.

न वाचणारं, पण सतत काहीतरी उघडून बघणारं मूल असेल तर त्याला अरविंद गुप्तांकडे न्या. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस आयुष्यभर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करत आणि शिकवत आला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यांच्या काड्यापेटीच्या काड्यांच्या प्रयोगांचं पुस्तक छापून, बाइंडिंग करून द्या. सोबत काड्यापेटीचा पुडा आणि सायकलच्या दुकानातून मीटरभर व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी. काड्यांचे गुल आधी तुम्हीच खरवडून टाका. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि त्यांत दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला की लगेच लडबडतो, कलंडून तिरका होतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एक काडी तिरकी जोडली की तो ताठ राहतो. हे एकदा हाताला कळलं की मूल रस्त्यातल्या पुलाकडे, मोबाईलच्या टॉवरकडे मान वर करून बघायला लागतं. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने गंगापूर रोडवर रिक्षातून बोट दाखवत आईला टॉवरचे त्रिकोण मोजून दाखवले होते.

आता तिघांना वेगवेगळं दिलं की 'त्याचं मोठं, माझं लहान' हे ठरलेलं. म्हणून या तीन जोड्या लहानच ठेवा आणि तिघांत मिळून एक मोठी द्या, किल्ल्याची. खरं तर पैसे थोडेच असतील तर बाकीचं सगळं सोडा आणि एवढं एकच करा.

गडकिल्ल्यांवरचं, नकाशे आणि रेखाचित्रं असलेलं मुलांचं एक पुस्तक घ्या. सोबत मातीचे मावळे, दोन तोफा, चार घोडेस्वार, सिंहासनावर बसलेले महाराज आणि वाटीभर हळीव. एरवी मुलांचा किल्ला म्हणजे मातीचा ढीग, त्याला पायऱ्या, खाली गुहा आणि गुहेत वाघ. पुस्तक सोबत असलं की सगळं बदलतं. मागच्या दिवाळीत आमच्या इमारतीतल्या मुलांनी राजगड करायचा ठरवला. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. माची म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालचा तटबंदीचा सपाट भाग, हेच कोणाला माहीत नव्हतं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात, पुस्तकाला कोणी हात लावायचा? मग एक अकरा वर्षांची मुलगी पायरीवर बसून मोठ्याने वाचायला लागली आणि बाकीचे तिला विचारून विचारून बांधायला लागले. "थांब, थांब, बुरूज कुठे म्हणालीस?" एका लहानग्याने विचारलं, एवढे मावळे वर राहिले तर पाणी कुठलं पीत होते? पुन्हा पानं उलटली गेली, टाक्यांची माहिती सापडली आणि आइस्क्रीमचा डबा जमिनीत पुरून पाण्याचं टाकं झालं. त्या मुलीने चार दिवसांत ते पुस्तक जवळजवळ सगळं वाचलं, आणि तिला कोणीही 'वाच' म्हटलं नव्हतं.

तुमच्या तीन वर्षांच्या भाचीला किंवा भाच्याला हळीव पेरायचं काम द्या. एखादा दाणा तोंडात गेला तरी बिघडत नाही, आणि रोज सकाळी उठून कोंब आले का बघायचं काम त्या वयाला अगदी बरोबर पडतं. रंगवलेले छोटे मावळे मात्र त्या हातांपासून लांब. सात वर्षांच्याला माच्या आणि तट. अकरा वर्षांच्याला पुस्तक.

कोणता किल्ला हे ठरत नसेल तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यांतला एक निवडा. अकरा महाराष्ट्रातले आहेत, साल्हेर तर आमच्याच जिल्ह्यातला, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दरवर्षी एक केला तरी मुलं कॉलेजात जाईपर्यंत पुरतील.

तिघांच्याही पुस्तकांचं प्लास्टिकचं वेष्टण आधीच काढून टाका. पहिल्या पानावर पेनाने नाव, तारीख आणि 'मामाकडून' किंवा 'मावशीकडून', जे नातं असेल ते लिहा. आणि जमलं तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाची वर्गणी मोठ्याच्या नावाने भरा. १९७१ पासून चालू आहे, दिवाळी अंकही निघतो आणि दर महिन्याला आपल्या नावाने टपाल येण्याची मजा आजच्या मुलांना फारशी माहीतच नाही.

एक राहिलंच. हे सगळं भाऊबीजेला देऊ नका. तोवर किल्ले बांधून झालेले असतात आणि सुट्टीही सरत आलेली असते. सहामाही परीक्षा संपली की त्याच आठवड्यात त्यांच्या हाती द्या. हळिवाला उगवायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा माती वसुबारसेच्या आधी भिजली पाहिजे. मावळे कुंभारवाड्यातून किंवा रस्त्यावरच्या गाड्यांवरून घ्या, पण लवकर जा. उभे मावळे शेवटपर्यंत मिळतात, घोडेस्वार आधी संपतात.