मेसियानिक विश्वासणाऱ्यांसाठी मांडवांच्या सणाचा अर्थ काय?

आपला प्रश्न असा आहे की, येशू हाच मसीहा असे मानणारे मेसियानिक लोक मोशेच्या नियमशास्त्रातील मांडवांचा सण आजही का पाळतात आणि ख्रिस्त येऊन गेल्यानंतर त्या सणाला त्यांच्या लेखी कोणता अर्थ उरतो. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो आणि पुढे मेसियानिक विश्वासणाऱ्यांच्या सहवासात हा सण पाळू लागलो, त्यामुळे या सणाविषयी जे वाचले आणि त्यांच्याबरोबर बसून जे समजले ते लिहितो. देव माणसांमध्ये वस्तीला येतो, ही पवित्र शास्त्राची मध्यवर्ती गोष्ट हा सण डहाळ्यांच्या छपराखाली बसवून शिकवतो. आणि ती गोष्ट येशूमध्ये सुरू झाली असली तरी पूर्ण व्हायची आहे, म्हणून सणही संपलेला नाही, असे मेसियानिक विश्वासणारे मानतात.

मेसियानिक म्हणजे मुख्यतः येशूला मसीहा मानणारे, पण आपले यहूदीपण न सोडणारे यहूदी. ते त्याला 'येशुआ' या हिब्रू नावाने संबोधतात. त्यांच्या मंडळ्यांत परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारेही असतात. 1884 साली त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह येथे योसेफ राबिनोविच यांनी अशी एक मंडळी उभी केली. अमेरिकेत 1915 साली स्थापन झालेल्या 'हिब्रू ख्रिश्चन अलायन्स'ने 1975 साली आपल्या नावात 'मेसियानिक ज्यूइश' हे शब्द घेतले, आणि त्या बदलातच या लोकांची भूमिका स्पष्ट होते: आपण यहूदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले लोक नसून मसीहा सापडलेले यहूदी आहोत, असे ते म्हणतात. सण पाळण्यामागेही हीच भूमिका आहे.

मूळ आज्ञा जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आहे. सातव्या महिन्याच्या, म्हणजे तिश्रीच्या, पंधराव्या दिवसापासून सात दिवस इस्राएलांनी मांडवांत राहावे, कारण मिसर देशातून बाहेर काढल्यावर देवाने त्यांच्या पूर्वजांना मांडवांत वसवले होते. त्यापुढचा आठवा दिवस पवित्र मेळ्याचा. हा सण प्रायश्चित्ताच्या दिवसानंतर अवघ्या पाच दिवसांनी येतो, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी उपास, पापांची कबुली, क्षमा. आणि मग लगेच मोकळ्या आकाशाखाली सात दिवसांचा आनंद. अनुवाद या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तर आनंद करण्याचीच आज्ञा आहे, आणि त्या आनंदात मुलेबाळे, दासदासी, मंदिरसेवेसाठी नेमलेले लेवी, उपरी (परके रहिवासी), अनाथ आणि विधवा यांना सामील करून घेण्यास सांगितले आहे.

मांडवाला हिब्रूत सुक्का म्हणतात. त्याचे छप्पर जमिनीत उगवलेल्या आणि तोडून आणलेल्या वनस्पतींचेच असावे, आत उन्हापेक्षा सावली अधिक असावी, पण छपराच्या फटींतून रात्री तारे दिसावेत, अशी परंपरा आहे. पक्के घर सोडून अशा तात्पुरत्या निवाऱ्यात जेवायला बसले की माणसाचे स्थैर्य भिंतींवर अवलंबून नसते हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. यहूदी परंपरेत याच सणात उपदेशकाचे पुस्तक वाचले जाते. त्याशिवाय खजुराच्या झाडाचे कोवळे पान, मर्टल आणि वाळुंज यांच्या डहाळ्या आणि महाळुंगाचे फळ हातात घेऊन चार दिशांना, वर आणि खाली हलवतात. हे सर्व मेसियानिक मंडळ्यांतही होते. फरक एवढाच की तेथील प्रार्थनांत येशुआचे नाव येते आणि वाचनांत नव्या कराराची भर पडते.

आता जेथे या सणाचा मेसियानिक अर्थ सर्वांत समृद्ध आहे, त्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाकडे वळतो. तो अध्याय समजून घ्यायचा असेल तर दुसऱ्या मंदिराच्या काळात, म्हणजे येशूच्या वेळचे मंदिर उभे असताना, हा सण यरुशलेमेत कसा होत असे हे माहीत असणे आवश्यक आहे. मिश्ना या रब्बींच्या (यहूदी धर्मगुरूंच्या) प्राचीन नियमसंग्रहाच्या सुक्का या भागात त्याचे वर्णन सापडते. सणाच्या दिवसांत रोज शिलोहच्या तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी भरून घेत, ते मिरवत मंदिराच्या पाणवेशीतून आत आणत, त्या वेळी शिंगे वाजत, आणि सकाळच्या अर्पणाच्या वेळी ते पाणी द्राक्षारसाबरोबर वेदीवर ओतले जाई. यामागची निकड समजण्यासाठी त्या देशाचे ऋतुमान लक्षात घ्यावे लागते. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस परतीच्या वाटेला लागतो. तेथे त्याच दिवसांत अनेक महिन्यांचा कोरडा उन्हाळा संपत आलेला असतो आणि सगळ्यांचे डोळे पहिल्या पावसाकडे लागलेले असतात. आजही यहूदी लोक आठव्या दिवशी पावसासाठी विशेष प्रार्थना करतात. पाणी ओतण्याचा विधी हा अशा रीतीने जीवनाची याचना होता, आणि त्या प्रसंगाचे शब्द यशयाच्या बाराव्या अध्यायातील होते: तारणाच्या झऱ्यांतून आनंदाने पाणी काढण्याचे वचन. मिश्नावरील रब्बींच्या चर्चांचा संग्रह असलेल्या यरुशलेमी तल्मूदात तर असेही म्हटले आहे की त्या ठिकाणाहून लोक पवित्र आत्मा काढून घेत. पाणी आणि आत्मा यांचा हा संबंध ख्रिस्ती लोकांनी मागाहून जोडलेला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण या सणाचा मेसियानिक अर्थ म्हणजे जुन्या विधीवर बाहेरून डकवलेली कल्पना आहे असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो.

अशा सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू मंदिरात उभा राहून मोठ्याने सांगतो की जो कोणी तान्हेला असेल त्याने माझ्याकडे यावे आणि प्यावे, आणि जो विश्वास ठेवील त्याच्या अंतर्यामातून जिवंत पाण्याच्या नद्या वाहतील. हा दिवस सातवा की आठवा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सातवा असेल तर याजक वाळुंजाच्या डहाळ्यांनी सजवलेल्या वेदीला सात प्रदक्षिणा घालत होते आणि पाण्याचा विधी परमोच्च बिंदूला पोचला होता. आठवा असेल तर पाणी ओतणे नुकतेच थांबले होते आणि त्या थांबलेल्या जागी त्याचे शब्द उमटले. दोन्ही प्रकारे अर्थ एकच निघतो. तुम्ही ज्या पाण्यासाठी सात दिवस याचना केलीत ते देणारा तुमच्यासमोर उभा आहे, असे तो सांगत होता. हे बोलणे पवित्र आत्म्याविषयी होते असा खुलासा योहान पुढच्याच वचनात करतो.

दुसरा विधी प्रकाशाचा होता. मंदिरातील स्त्रियांच्या अंगणात चार उंच सोन्याचे दीपस्तंभ उभे करत, तरुण याजक शिड्यांवर चढून त्यांत तेल ओतत, आणि वाती याजकांच्या जुन्या, झिजलेल्या वस्त्रांच्या असत. मिश्ना म्हणते की त्या उजेडाने उजळले नाही असे एकही अंगण यरुशलेमेत नव्हते. स्तोत्रसंहितेत आरोहणस्तोत्रे पंधरा आहेत. तेवढ्याच पायऱ्यांवर उभे राहून लेवी वाद्ये वाजवत, आणि भक्तिमान, प्रतिष्ठित माणसे हातात मशाली घेऊन लोकांपुढे नाचत. येशूने आपण जगाचा प्रकाश असल्याचे सांगितले ते योहान 8:12 मध्ये, आणि पुढे विसाव्या वचनात ही जागा खजिन्याजवळची होती असे म्हटले आहे. खजिना स्त्रियांच्या अंगणातच होता. योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मध्ये येणारी व्यभिचारिणीची गोष्ट नाही, हे लक्षात घेतले तर पाण्याविषयीचे वचन आणि प्रकाशाविषयीचे वचन एकाच सणाच्या संदर्भात जवळजवळ उभी राहतात. त्यानंतर नवव्या अध्यायात तो एका जन्मांधाला डोळे धुण्यासाठी शिलोहच्याच तळ्याकडे पाठवतो, आणि तेथे पाणी व प्रकाश एका माणसाच्या आयुष्यात एकत्र येतात. 2004 साली यरुशलेमेत सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना त्या काळातील या तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या. ज्या पायऱ्यांवरून ते पाणी भरून नेले जाई त्यांचा काही भाग आज डोळ्यांनी पाहता येतो, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

इसवी सन 70 मध्ये मंदिर पाडले गेले आणि हे विधी थांबले. मांडव मात्र राहिला, कारण तो घराच्या अंगणात उभा करता येत होता. मेसियानिक विश्वासणारे त्या मांडवात बसून योहानाच्या पहिल्या अध्यायातील वचन वाचतात: शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली. अरण्यात लोक तंबूंत राहत होते तेव्हा देवानेही आपला निवासमंडप त्यांच्यामध्येच उभारून घेतला होता. मानवी देह हाही असाच तात्पुरता, नाजूक निवारा, आणि देवाच्या पुत्राने तो पत्करला, हा या सणाचा त्यांच्या दृष्टीने गाभा आहे. शलमोनाने मंदिराचे समर्पण याच सणात केले आणि परमेश्वराचे तेज त्या मंदिरात भरले, याचीही आठवण ते येथे करतात.

यावरूनच अनेक मेसियानिक शिक्षक असे शिकवतात की येशूचा जन्म याच सणात झाला. लूक सांगतो की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या हा अबीयाच्या वर्गातील याजक होता. 1 इतिहास 24 मध्ये हा वर्ग चोविसांपैकी आठवा आहे. त्या वर्गाच्या मंदिरातील सेवेच्या पाळीपासून योहानाच्या आणि मग येशूच्या जन्मापर्यंत महिने मोजत ते तिश्रीपर्यंत येतात. हा तर्क मला आकर्षक वाटतो, पण मी त्यावर भर देणार नाही. प्रत्येक वर्गाची पाळी वर्षातून दोनदा येई, आणि लूकने यांपैकी कोणती पाळी ते सांगितलेले नाही. योहान 7 ते 9 मध्ये जे स्पष्ट लिहिले आहे ते सोडून जन्मतारखेच्या गणितावर सणाचा अर्थ उभा करणे मला योग्य वाटत नाही.

भविष्याकडे पाहणारा अर्थ यापेक्षा भक्कम आहे. मेसियानिक शिकवणीत वर्षातील सणांचे दोन गट मानतात. वल्हांडण, बेखमीर भाकरी, प्रथम उपज आणि सप्ताहांचा सण यांची पूर्तता येशूचा मृत्यू, दफन, पुनरुत्थान आणि पवित्र आत्म्याचे येणे यांत झाली. शरद ऋतूतील कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण यांची पूर्तता त्याच्या पुनरागमनाशी जोडलेली आहे. या सणाच्या पहिल्या दिवशी सभास्थानांत जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचला जातो. परमेश्वर सर्व पृथ्वीवर राजा होईल, यरुशलेमेतून जिवंत पाणी वाहू लागेल, आणि उरलेली राष्ट्रे वर्षानुवर्षे मांडवांचा सण पाळण्यास तेथे जातील, असे तेथे म्हटले आहे. जी जाणार नाहीत त्यांच्यावर पाऊस पडणार नाही. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात सर्व राष्ट्रांतील लोक हातांत झावळ्या घेऊन सिंहासनासमोर उभे दिसतात, आणि एकविसाव्या अध्यायात देवाचा मंडप माणसांजवळ आल्याची घोषणा होते. म्हणून मांडवात बसणे हे मेसियानिक विश्वासणाऱ्यासाठी स्मरण आहे तसेच वाट पाहणेही आहे.

राष्ट्रांचा हा समावेश सणाच्या मूळ विधीतही होता. गणना या पुस्तकाच्या 29व्या अध्यायाप्रमाणे पहिल्या दिवशी तेरा गोऱ्हे, दुसऱ्या दिवशी बारा, असे उतरत्या क्रमाने सात दिवसांत सत्तर गोऱ्हे अर्पण होत, आणि रब्बींनी हे सत्तर जगातील सत्तर राष्ट्रांसाठी आहेत असे सांगितले. इस्राएल आपल्या सर्वांत आनंदाच्या सणात इतरांसाठी अर्पण करत असे. परराष्ट्रीय असूनही मी त्या मांडवात का बसू शकतो, याचे उत्तर मला येथे मिळाले, आणि त्याबद्दल माझ्या मनात यहूदी लोकांविषयी खोल कृतज्ञता आहे.

यासोबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यहूदी धर्माच्या मुख्य प्रवाहातील कोणताही पंथ मेसियानिक मताला यहूदी धर्म मानत नाही, आणि 1989 साली इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानेही यहूद्यांना इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्याखाली त्यांना यहूदी म्हणून नागरिकत्वाचा हक्क नाकारला. कोकणातील आणि मुंबईतील आपले मराठीभाषक बेने इस्राएल लोक हा सण आपल्या पूर्वजांचा आणि आपल्या धर्माचा म्हणून पाळतात. त्यांच्या सिनेगॉगच्या आवारातील मांडवाला येशूविषयीचा अर्थ चिकटवण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्यांना येशूमध्ये मसीहा दिसतो त्यांनी आपला विश्वास नि:संकोचपणे सांगावा, पण ज्यांच्याकडून हा सण मिळाला त्यांच्या घरात तो शिकणाऱ्या शिष्याच्या नजरेने पाहावा.

आपण ख्रिस्ती असाल आणि हा सण आपल्यावर बंधनकारक आहे का, असा प्रश्न मनात असेल, तर प्रेषितांची कृत्ये 15 मधील निर्णय स्पष्ट आहे: परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचे ओझे घातलेले नाही, आणि प्रेषित पौलही कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की सणांच्या बाबतीत कोणी तुमचा न्याय करू नये. बहुतेक मेसियानिक मंडळ्याही परराष्ट्रीयांसाठी हा सण निमंत्रण मानतात, सक्ती नव्हे. पाळण्याची इच्छा असेल तर 2026 साली तो 25 सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून सुरू होत आहे. गच्चीवर किंवा अंगणात डहाळ्यांचे साधे छप्पर करावे, त्याखाली योहानाचे 7, 8 आणि 9 हे अध्याय सलग वाचावेत, जखऱ्या 14 त्यांच्याबरोबर ठेवावा, आणि जेवायला घरच्यांबरोबर एखाद्या परक्या किंवा एकट्या माणसालाही बोलवावे, कारण अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सणाच्या आनंदाची जी आज्ञा आहे तिच्यात त्याचा उल्लेख घरच्या मुलांबरोबरच आलेला आहे.