मुलगी फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकतेय. चौकाचौकांतली शिल्पं करून तिचं करिअर होईल का?

होईल, पण धीर हवा. आपल्याच बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेल्या ध्रुव मिस्त्रींचं उदाहरण घ्या. जन्म १९५७ चा. इथून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टला गेले आणि १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये त्यांची शिल्पं उभी राहिली: कारंज्यात पहुडलेली ब्राँझची भव्य स्त्री, शेजारी दगडी रक्षक. तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती! पुढे भारतात परतून ते इथेच फाइन आर्ट्सचे डीन झाले.

मला मात्र त्या कारंज्याची पुढची कथा जास्त मोलाची वाटते. गळतीमुळे २०१३ मध्ये पाणी बंद झालं, २०१५ मध्ये तिथे चक्क फुलझाडं लावली आणि २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर पाणी परत आलं. म्हणून मुलीला मातीकामाबरोबर ओतकाम, वेल्डिंग, पाया आणि पाण्याची व्यवस्था हेही शिकू द्या. देखभाल कोण करणार, हे करारातच लिहून घ्यायचं. सुरुवातीची काही वर्षं मोठ्या शिल्पकाराच्या स्टुडिओत काढली तर फार उत्तम. नगरपालिकेच्या निविदा, कारखान्यांच्या ऑर्डरी कशा मिळतात ते तिथेच कळतं.