हातातल्या बँडवरून पगार कापायच्या आधी हे वाचा (बेदाणा शेडचा अनुभव)

दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. वाईजवळ फळप्रक्रियेचं युनिट, पंचेचाळीस बायका-माणसं, अंगठ्याचं मशीन निम्म्या बायकांचा अंगठा घेतच नाही, मुकादमाच्या हजेरीवर भरवसा राहिलेला नाही, आणि आता एकजण मनगटाचे सेन्सर बँड घेऊन आलाय. हजेरीही लागेल आणि कोण किती काम करतं तेही कळेल म्हणतोय. बँड घ्यावेत का आणि त्याच्या रिपोर्टवर थेट पगार काढला तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय. तीन वर्षांपूर्वी मी नेमका याच ठिकाणी होतो. तासगाव रस्त्याला माझी बेदाणा निवडणी-पॅकिंगची शेड आणि लहानसं कोल्ड स्टोरेज आहे. सीझनला अडतीस-चाळीस माणसं असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. थेट पगार काढू नका. पहिल्या महिन्यात तर नाहीच, आणि 'काम किती केलं' या आकड्यावर कधीच नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर, घ्या, पण कशासाठी घेताय ते ठरवून घ्या.

बँडचे सेल, वायफाय, कुठला बँड कुणाच्या नावावर जोडायचा हे सगळं तुम्ही बघून घ्याल, त्यात मी जात नाही. माझं नुकसान तिथे झालं नाही.

माझी चूक अशी झाली. बँड आले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, माल पडत होता, शेड भरलेली. विक्रेत्याच्या माणसाने सगळ्यांच्या डाव्या मनगटाला बँड बांधले, घड्याळ बांधतो तसे. रिपोर्टमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे तीन रंग यायचे: हिरवा म्हणजे काम चालू, लाल म्हणजे बसून आहे, राखाडी म्हणजे शेडबाहेर. दिसायला इतकं स्वच्छ की मला वाटलं, सुटलो. मी हजेरीबुक बंद केलं आणि दुसऱ्याच शनिवारी लाल मिनिटांचा हिशेब लावून पगार काढला. अकरा जणींचे पैसे कापले गेले. सगळ्यात जास्त कापले गेले ते आमच्या निवडणीतल्या सगळ्यात जुन्या मावशींचे.

मावशींनी पाकीट उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं. "मालक, एकबी खाडा न्हाई माझा," एवढंच बोलल्या. मी मोबाईलवर लाल पट्टी दाखवली. त्यांनी ती बघितली, पाकीट कमरेला खोचलं आणि गेल्या. सोमवारी नऊजणी आल्या नाहीत. शेजारच्या शेडला माणसं हवीच होती. मार्चमध्ये निवडणीच्या नऊ बायका जाणं म्हणजे काय, ते ज्याचा माल थांबतो त्यालाच कळतं.

मंगळवारी मी एका जुन्या बाईशेजारी स्टूल टाकून तासभर बसलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बांगड्यांवरून कापडी बाही ओढलेली, बाहीवर बँड. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलाच्या कडेला टेकलेला, पंजाने बेदाण्याचा ढीग अडवून धरलेला. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा नुसते चिमटीने काडी उचल, काळा मणी उचल, डाग पडलेला उचल. पापणी लवेपर्यंत तीन-चार दाणे बाजूला. आणि मोबाईलवर तिच्या नावापुढे लाल. बँडच्या आत जी चिप असते ती फक्त मनगटाला किती हिसका बसतो तेवढं मोजते. मनगट टेकलेलं असेल तर तिच्या लेखी माणूस बसून आहे. पंधरा किलोचे बॉक्स वाहणारा पोरगा दिवसभर हिरवा, मोकळे हात हलवत शेडभर फिरणाराही हिरवा, आणि जिच्या बोटांवर माझ्या मालाची ग्रेड ठरते ती लाल! जी जितकी सराईत तितका तिचा हात कमी हलतो, म्हणून मावशींचे सगळ्यात जास्त कापले गेले.

दुसरी गोष्ट त्याच तासात दिसली. कोपऱ्यातल्या दोन पोरी दर थोड्या वेळाने डावा हात झटकत होत्या. त्यांना कळलं होतं. हात झटकला की हिरवं होतं. त्या आठवड्यात माल कमी निवडला गेला, पण रिपोर्ट आधीपेक्षा हिरवा आला. पगार ज्या आकड्याला बांधाल तो आकडा माणसं बरोबर आणून देतात. त्यात त्यांचा दोष नाही, घर चालवायचं असतं.

आता बँड विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसबद्दल. नाव विचारू नका, देणार नाही, आणि तुमच्याकडे आलेला माणूस त्यांचाच आहे असंही मी म्हणत नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की त्या दोन आठवड्यांचं मिनिटामिनिटाचं मूळ रीडिंग द्या, म्हणजे कुणाचे किती चुकीचे कापले ते काढता येईल. फोन केला तर 'तक्रार नोंदवा'. नोंदवली तर दुसऱ्या दिवशी 'निराकरण झाले' असा मेसेज, आणि सोबत तोच रंगीत रिपोर्ट पुन्हा पीडीएफ करून पाठवलेला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. दोन तासांनी एक मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, मूळ रीडिंग ग्राहकाला देता येत नाही, तुमच्या करारात ते नाही. करार काढून बघितला. खरंच नव्हतं. इंजिनियर शेडवर आला तो एकोणिसाव्या दिवशी. त्याने टेबल बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, हे माल उचलणाऱ्या-ठेवणाऱ्या माणसांसाठी बसवलंय, बसून करायच्या बारीक कामासाठी नाही. हे विकताना कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते आणि त्या बायकांचा अपमान टळला असता. अजून राग येतो, खोटं कशाला बोलू.

हिशेब काढता येईना म्हणून अकराही जणींचे कापलेले सगळे पैसे परत केले. मावशींच्या घरी स्वतः जाऊन दिले. त्यांनी पैसे घेतले, चहा केला, पण परत आल्या नाहीत.

कायद्याबद्दल. मी वकील नाही, तुमच्या सल्लागाराला विचाराच. पण मला उशिरा कळलेलं सांगतो. पगारातून काय कापता येतं त्याची यादी कायद्यातच आहे, 1936 च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे, आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. गैरहजेरीचे पैसे कापता येतात, तेही जेवढा वेळ माणूस गैरहजर तेवढ्याच प्रमाणात. 'हजर होती पण मशीनला हात हलताना दिसला नाही' असं त्या यादीत कुठेही नाही. माझं तर मत आहे की मी केलं ते कायद्यातही बसत नव्हतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. बँडची वेळ नोंद झाली की ती कामगाराच्या बाजूनेही पुरावा आहे. आठवड्याला 48 तासांच्या वर काम गेलं तर जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. खाडा दाखवला की बँड खरा आणि ओव्हरटाइम दाखवला की बँड बिघडला, असं करता येणार नाही.

आणि बायकांच्या बाबतीत एक गोष्ट तळमळीने सांगतो. राखाडी रंग म्हणजे शेडबाहेर, आणि शेडबाहेर म्हणजे बहुतेक वेळा संडासला. आमच्या सुपरवायझरने एका मुलीच्या नावाचा 'बाहेर 14 मिनिटे' असा स्क्रीनशॉट शेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. महिन्याच्या त्या दिवसांत बाईला किती वेळ लागतो हे कुणी मोजायची गोष्ट आहे का? मी त्याच दिवशी तो रंग बंद करून घेतला आणि रिपोर्ट बघायचा अधिकार माझ्यापुरता ठेवला. नागपूर, चंडीगडला सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं दिली होती तेव्हाही पगारकपात आणि खासगीपणा याच तक्रारी पुढे आल्या होत्या. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आता आलाय. त्यात माहिती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी जबाबदारी मालकावरच राहते.

'कोण कुठल्या टेबलवर होतं' हे जे ते विकतात, त्याच्या भरवशावरही राहू नका. बँड ब्लूटूथवरून जागा ओळखतो, आणि ब्लूटूथच्या लहरी माणसाच्या अंगात शोषल्या जातात आणि पत्र्यावर आपटून परत येतात. आमची निवडणीची आणि पॅकिंगची टेबलं बारा-तेरा फुटांवर. एका बाईने एका दिवसात साठ वेळा टेबल बदललं असं रिपोर्ट सांगत होता. ती जेवायला सोडून उठलीच नव्हती. एवढ्याशा अंतरात तुमचा विभाग ओळखून दाखवा म्हणावं, विकत घ्यायच्या आधी, तुमच्याच शेडमध्ये, सगळी माणसं कामावर असताना. रिकाम्या शेडमधला डेमो धरू नका.

मग मी बँड फेकून दिले का? नाही. आता ते फक्त आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लावतात. मनगटावरून काढून ॲप्रनला मागच्या बाजूला शिवलेल्या बंद खिशात ठेवलेत, म्हणजे मालात काही पडायची भीती नाही. सव्वाआठला मुकादम डोकी मोजतो आणि हजेरीबुकात लिहितो, कारण एकीच्या डब्याच्या पिशवीत जावेचा बँडही सापडला होता. दोन्ही जुळले तर ठीक, नाही जुळले तर त्याच दिवशी संध्याकाळी बाईला विचारून दुरुस्त करायचं, शनिवारपर्यंत ठेवायचं नाही. अंगठा न घेण्याचा तुमचा प्रश्न याने सुटेल. कामाचं माप मात्र निवडलेल्या मालाच्या वजनावर आणि पुन्हा तपासणीत निघालेल्या काड्यांवर, तेही टेबलागणिक. बक्षीस देतो, कापत काहीच नाही.

आणि जिथे या बँडने खरंच पैसे वसूल केले ती जागा कोल्ड स्टोरेज. आत चार-पाच अंशाला माणूस एकटा बॉक्स लावत असतो, दार बंद. आता वीस मिनिटांच्या वर कुणी आत राहिलं की बाहेर भोंगा वाजतो. त्यासाठी रिसीव्हर, म्हणजे बँडचा सिग्नल पकडणारा डबा, खोलीच्या आत लावावा लागला, कारण पत्रा लावलेल्या पफ पॅनेलमधून (थंडी धरून ठेवणाऱ्या फोमच्या भिंतीतून) सिग्नल बाहेर येतच नव्हता आणि आतला माणूस 'घरी गेला' असं दिसत होतं. थंडीत बटण सेल लवकर मान टाकतात, तर आत जाणाऱ्यांचे सेल आधीच बदलत चला. तुमच्याकडे ब्लास्ट फ्रीझर (माल झटपट गोठवायची खोली) असेल तर एवढ्या एका कामासाठीसुद्धा बँड घ्या म्हणेन.

रात्रपाळी असेल तर आणखी एक बघा. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, आणि एका रात्रीची हजेरी दोन दिवसांत फाटते. आमच्याकडे दोघांचा खाडा असाच लागला होता.

पैसे देण्याआधी करारात एवढं लिहून घ्या: मूळ रीडिंग एक्सेल फाइलमध्ये मालकाला कधीही मिळेल, करार संपल्यावरही. ते नाही म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावा. तुमच्याकडे बसून सोलायचं-कापायचं काम किती आणि उचल-ठेव किती, ते लिहा, म्हणजे बँड कुणाला द्यावेत ते सांगता येईल. सीझन चालू आहे, रात्री नऊनंतर उत्तर देईन.