शंभरचं नको, एकशे दहाचं टाका: पेट्रोलच्या भावावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पेट्रोल-डिझेलवर प्रश्न पाठवा म्हटलं आणि ढीगच आला. अर्ध्या पत्रांत नुसत्या शिव्या होत्या, त्या बाजूला ठेवून जे उरलं त्यातलं थोडं इथे.

आमच्याकडचे कितीतरी लोक गोव्यात पत्रादेवीला जाऊन टाकी फुल्ल करून येतात. मी पण जाऊ का? स्कूटर आहे. (एक वाचक, सावंतवाडी)

पणजीला दुसरं काही काम असेल तर जरूर भरून या, पण फक्त पेट्रोलसाठी नको. समजा लिटरमागे सात रुपये वाचतात, स्कूटरच्या टाकीत बसून बसून बसणार पाच लिटर, म्हणजे वाचले पस्तीस. जाऊन-येऊन तीस किलोमीटर धरा, पंचेचाळीसचं मायलेज धरलं तरी साठ-पासष्टचं पेट्रोल वाटेतच जळालं. चारचाकीवाल्याला पाच-पन्नास सुटतील, सीमेजवळच्या बांद्याच्या माणसाला अजून थोडे. बाकी गोव्याच्या स्वस्ताईची गोष्ट मजेशीर आहे. 2012 साली मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाल्यावर एप्रिलपासून पेट्रोलवरचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, जवळपास शून्यावर आणला, लिटरमागे अकराएक रुपये उतरले आणि गोव्यात पेट्रोल पंचावन्नच्या आसपास मिळायला लागलं. म्हणजे राज्याने मनावर घेतलं तर होतं. फक्त टिकत नाही, त्याच वर्षी खाणी बंद पडल्या, तिजोरीला ओढ लागली आणि व्हॅट पुढे टप्प्याटप्प्याने परत चढला.

पेट्रोल वाढलं की टीव्हीवर दर वेळी सगळ्यात महाग म्हणून परभणीचंच नाव. आम्ही काय पाप केलंय? (परभणीचे एक शिक्षक)

पाप एवढंच की तुम्ही तेल कंपन्यांच्या डेपोपासून लांब राहता. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर येणार, त्याचं भाडं दरात चढणार. आणि खरी गंमत पुढेच आहे. केंद्राची एक्साईज ड्युटी, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरमागे ठरलेले रुपये अशी असते, पण राज्याचा व्हॅट टक्क्यात. तो लागतो कशावर, तर तेलाची किंमत, वाहतूक, एक्साईज, पंपवाल्याचं कमिशन या सगळ्याच्या बेरजेवर. म्हणजे टँकरच्या भाड्यावर पण टॅक्स आणि टॅक्सवर पण टॅक्स. जुलै 2024 मध्ये मुंबई-ठाण्याचा व्हॅट कमी करून बाकी महाराष्ट्राएवढा केला, पेट्रोलवर 25 टक्के आणि वर लिटरमागे 5.12 रुपये. तिथे पेट्रोल पासष्ट पैशांनी उतरलं, परभणीत ढिम्म.

क्रूड (कच्चं तेल) चढलं की लगेच भाव वाढतात, उतरलं की मात्र तसेच. ही लूट नाही तर काय? (नाशिकहून)

लूट म्हणा, मी अडवणार नाही. पण ती कशी चालते ते बघा. पेट्रोलचे दर सरकारच्या ताब्यातून सुटले 2010 ला, डिझेलचे 2014 ला, आणि जून 2017 पासून तर देशभर रोज सकाळी सहाला नवा दर. कागदावर एकदम खुला बाजार. मग मे 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे क्रूड मातीमोल झालं तेव्हा काय झालं, तर केंद्राने एका रात्रीत एक्साईज पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढवली, पंपावरचा भाव हलला नाही आणि उतरलेला सगळा फायदा दिल्लीला गेला. उलट बाजूला नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 बघा, क्रूड शंभर डॉलरच्या वर गेलं तरी इथे दर गोठलेले, कारण पाच राज्यांच्या निवडणुका. निकाल लागले आणि मग रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत दोन-अडीच आठवड्यांत दहा रुपये वाढले, मुंबईत पेट्रोल 120 च्या वर.

जीएसटीत टाका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. घटनेत सोय आहे, तारीख ठरवायचं काम जीएसटी कौन्सिलचं, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या मंडळाचं, पण सप्टेंबर 2021 ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता नको म्हणून गुंडाळला. राज्यं आपला व्हॅट का सोडतील? एक्साईजमधला मोठा भाग सेस-सरचार्ज अशा जादा करांच्या नावाने केंद्राकडेच राहतो, राज्यांना वाटा मिळतो तो फक्त मूळ एक्साईजमधून, आणि फेब्रुवारी 2021 च्या बजेटपासून ती पेट्रोलवर लिटरमागे 1.40 रुपये एवढीशीच. त्यापेक्षा मला विचाराल तर व्हॅट टक्क्यातून काढून ठरलेल्या रुपयांत आणावा. क्रूड भडकलं की राज्याचं उत्पन्न आपोआप फुगतं ते तरी थांबेल, आणि त्यासाठी कौन्सिलची वाट बघायला नको, मंत्रालयातच होईल.

साहेब, सीएनजी स्वस्त करणार म्हणून किती गाजावाजा झाला होता, आमच्या हातात काय आलं? (रिक्षाचालक, ठाणे)

तुम्ही 2022 चं म्हणताय बहुतेक. 1 एप्रिलला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, मुंबईत भाव किलोला 66 चा 60 झाला. हे खरंच चांगलं काम होतं. पण त्याच दिवशी केंद्राने देशी गॅसचा दर दुपटीहून जास्त केला. दोन आठवडे पण झाले नाहीत आणि भाव 72. रिक्षाचं कमीत कमी भाडं मात्र 21 चं 23 व्हायला ऑक्टोबर उजाडला, मधले सहा महिने तुमच्या खिशातून गेले. नंतर 23 चे 26 रुपये झाले ते फेब्रुवारी 2025 मध्ये. गॅसचा दर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की भाडं आपोआप थोडं वर आणि उतरला की खाली, असा नियम करायला हरकत काय आहे? प्रवासी कुरकुरतील, पण एकदम तीन रुपये वाढण्यापेक्षा ते बरं. तुमच्या युनियनने हे लावून धरायला पाहिजे.

शंभरचं न टाकता एकशे दहाचं टाकलं तर पेट्रोल जास्त मिळतं हे खरं का? आणि पहाटे भरलं तर? (कोल्हापूर)

दोन्ही नाही. मशीन मोजतं लिटर, तुम्ही सांगितलेल्या आकड्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि टाकी जमिनीखाली असते, पहाट-दुपार तिथे फारसा फरक पडत नाही. संशय आला तर पंपावर पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, त्यात ओतून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. मायलेज कमी झालंय असंही तुम्ही लिहिलंय. थोडं ई-ट्वेंटीमुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे असेल, इथेनॉलमध्ये ताकद कमीच असते, गाडी त्यासाठी बनलेली नसेल तर तीन ते सहा टक्के फटका बसू शकतो असं पेट्रोलियम मंत्रालयच म्हणतं. त्याहून जास्त पडलं असेल तर आधी टायरची हवा बघा, मग एअर फिल्टर, आणि हायवेला शंभरच्या वर चालवत असाल तर मला परत पत्र लिहू नका.