कॉलेजमध्ये ऑनलाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा दिवस कसा असतो? घरून शिकवण्याची नोकरी घ्यावी का?

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, "दिवसाला दोन-तीन लेक्चरं झाली की पुढे मोकळंच असेल ना, शिवाय घरी." मी इथे एरवी नुसती वाचते. पण हे वाक्य मी माझ्याच घराच्या ओटीवर ऐकलेलं आहे आणि तेव्हा मी गप्प बसले होते. म्हणून आज लिहायला घेतलं.

मी अकाउंट्स शिकवते, दक्षिण रायगडातल्या एका कॉलेजात. २०२०-२१ मध्ये, कोरोनामुळे, जवळजवळ सगळं वर्ष घरून शिकवलं. घर म्हणजे श्रीवर्धन तालुक्यातलं माझं सासर. तेव्हा मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. आठवड्याला नऊ तास, तासाला ५०० रुपये, तेही कित्येक महिन्यांनी एकदम हातात पडायचे. वर्ष सुरू व्हायच्या आधीच, ३ जूनला, निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. सासूबाईंनी चाळीस वर्षं राखलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, अर्ध्या घराची कौलं उडाली आणि आमच्या आळीत वीज यायला महिना उलटला. ऑगस्टमध्ये तास सुरू झाले तेव्हा वीज होती, पण फोनला रेंज घरात एकाच जागी यायची, ओटीच्या उजव्या कोपऱ्यात, खांबाला टेकून बसलं तर.

दिवस कसा असतो, ते आधी सांगते. शिकवणं साडेअकराला, पण काम पहाटे पाचला सुरू. फळ्यावर एक उदाहरण मी तयारीशिवाय सोडवते, इतकी वर्षं तेच करतेय. फोनवर तसं होत नाही. पोरं ज्या स्क्रीनवर बघतात ती हाताच्या तळव्याएवढी. तिच्यात चार रकान्यांच्या वर काही दिसत नाही आणि अकाउंट्सचे तक्ते सात-सात, आठ-आठ रकान्यांचे. मग प्रत्येक तक्ता फोडून दोन-तीन पानांवर मांडायचा, तोही असा की पान बदललं तरी पोरांना मागचा आकडा आठवेल. बॉलपेनचं लिहिलेलं दिसत नाही, स्केचपेन लागतं. तांदळाचे दोन पत्र्याचे डबे शेजारी शेजारी ठेवायचे, त्यांच्यावर लाकडी पट्टी आडवी, पट्टीला रबरबँडने फोन बांधायचा, कॅमेरा खाली, खाली वही. उजव्या हाताची सावली आकड्यांवर पडते म्हणून दिवा डाव्या बाजूला. एक तासाचं लेक्चर असं मांडायला दोन तास जायचे.

सुरुवातीला फुकटच्या झूमवर घेत होतो, तर चाळिसाव्या मिनिटाला वर्ग तुटायचा आणि परत जोडला की एकतृतीयांश पोरं गायब. मग गूगल मीटवर गेलो. तास चालू असताना दोनदा स्क्रीनशॉट घ्यायचा, कारण तास झाला की अहवाल: लिंक, वेळ, घटक, हजेरी, फोटो. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, तेव्हा शिकवायचं त्याच फोनवर आणि अहवालही त्याच फोनवर. दुपारी गृहपाठ येऊ लागायचे. वहीचे फोटो, काही आडवे, काही अंधारात काढलेले. चाळीस पोरांची तीन-तीन पानं मोठी करून बघायची आणि चुकलेल्या आकड्याभोवती बोटाने लाल गोल काढायचा. नावेची बाजू आणि जमेची बाजू उलटी केली असेल तर ते गोल काढून सांगता येत नाही, फोन करावा लागतो. फोन रात्री. कारण घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर बोर्लीच्या बाजारात, ते घरी आले की मुलीच्या हातात. अशा माझ्या वर्गात अकरा मुली होत्या. रात्री अकराला "मॅडम, झोपलात का?" असा मेसेज आला की मी उठून बसायचे.

तर दोन-तीन लेक्चरं आणि पुढे मोकळं, हे असं.

आता ओटीवरची गोष्ट. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना आल्यावर दहा दिवस वेगळं राहायचं होतं. चतुर्थी २२ ऑगस्टला, म्हणून मोठे भाऊजी आणि जाऊबाई डोंबिवलीहून आधीच आले. त्यांना ओटी आणि लगतची खोली दिली, आम्ही मागे माजघरात आणि पडवीत. रेंज कुठे येते ते वर सांगितलंच आहे. भाऊजींचंही ऑफिस घरूनच चालू, तेही मीटिंगला खांबालाच टेकून बसणार. दहा दिवस मी ओटीच्या पायऱ्यांखाली, अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शिकवलं. डबे एका स्टुलावर, वर यजमानांनी धरलेली छत्री. श्रावणाचा पाऊस छत्रीवर पडला की पोरांना माझ्या आवाजाऐवजी तोच ऐकू जायचा, म्हणून मी मोठ्याने बोलायची.

त्या दिवशी एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, पीसमील डिस्ट्रिब्युशन चालू होतं. कॉमर्सवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: भागीदारी मोडली की मालमत्ता एका दिवसात विकली जात नाही, पैसे हप्त्याहप्त्याने येतात, आणि प्रत्येक हप्ता कुणाला किती द्यायचा ते ठरवावं लागतं. आधी खर्च आणि बाहेरची देणी, मग भागीदाराने दिलेलं कर्ज, मग भांडवलं. उदाहरणात तीन भागीदार, भांडवल ६०,०००, ४०,००० आणि २०,०००, नफ्याचं प्रमाण २:२:१. भांडवलाला प्रमाणाने भागायचं, येतात ३०,०००, २०,०००, २०,०००. सगळ्यात कमी २०,०००, तो पाया धरायचा. त्या हिशेबाने पहिल्याचं भांडवल ४०,००० असायला हवं, आहे ६०,०००. म्हणजे २०,००० जादा. देणी फिटली की पहिले २०,००० एकट्या त्याला. हे पान मी त्या दिवशी पहाटे तीनदा लिहून काढलं होतं. तो जादाचा रकाना पोरांना नेमका कुठे दिसला पाहिजे, ते साधत नव्हतं.

एकतीस जण जोडलेले होते. एका मुलाने, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, माईक चालू केला आणि विचारलं, "मॅडम, पण पहिले वीस हजार एकट्यालाच का? बाकीच्यांचे पण पैसे अडकलेत ना?" शिकवणाऱ्याला असा प्रश्न आठवड्यात एकदा मिळाला तरी पुरतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ओटीवरून भाऊजी म्हणाले, "जरा हळू गं, माझी मीटिंग चाललीय. तुझं काय, तासभर बडबड झाली की दिवसभर घरीच आहेस. पाचशे रुपयांसाठी एवढा आरडाओरडा?"

माझा माईक चालू होता. एकतीस पोरांनी ऐकलं.

मी "पुढचं उद्या" म्हणून मीट बंद केलं. यजमान छत्री धरून तसेच उभे होते. सासूबाई पडवीतून बाहेर आल्या, काही न बोलता डबे उचलून आत घेऊन गेल्या. भाऊजींना मी काही बोलले नाही. मोठे दीर, वर आठवड्यावर गणपती. घरात ते सगळं तिथेच मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

भाऊजी वाईट माणूस नाहीत, हेही लिहायला हवं. वादळानंतर कौलांचे पैसे त्यांनीच पाठवले होते आणि त्या वर्षी त्यांच्या ऑफिसात पगारकपात चालली होती, ते आम्हाला नंतर कळलं. पण त्यांची मीटिंग हे काम आणि माझा तास ही बडबड, हा फरक त्यांनी कशावरून केला ते मला आजही कळत नाही. दोघंही त्याच ओटीपाशी बसून, त्याच एका कोपऱ्यातल्या रेंजवर, फोनमध्येच बोलत होतो. पैशांवरून केला असेल तर तसं सरळ म्हणावं. आणि पाचशे रुपये हा माझ्या कामाचा भाव मी ठरवला नव्हता.

याच दिवसांत सिंधुदुर्गातल्या एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी सगळीकडे फिरत होती. आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊजींनीच ती टाकली, खाली लिहिलं, "जिद्द असावी तर अशी." मला त्या मुलीचं कौतुक आहेच. पण पावसात डोंगरावर बसून शिकावं लागतं याची लाज वाटायला हवी होती, तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या त्या अकरा मुलींनी झोपडी बांधली नाही. घरात दुसरा फोन नाही तर झोपडी बांधून काय करणार होत्या? त्यांची कुठे बातमी आली नाही.

माझं स्पष्ट मत आहे की त्या वर्षी आपण जे केलं त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नये. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथे पुस्तकंच अशी लिहितात की विद्यार्थ्याने एकट्याने बसून वाचावं, आणि अडलं तर जवळचं अभ्यासकेंद्र आहे. ते दूरशिक्षण. आम्ही फळा उचलून फोनमध्ये कोंबला. परीक्षेचंही तेच. अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ ऑगस्टला आला, मग ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एका तासाची बहुपर्यायी परीक्षा झाली. अकाउंट्सची परीक्षा, आणि एकाही मुलाला ताळेबंद मांडायला लागला नाही! चार पर्यायांतला एक निवडला की पास.

मला त्यातल्या त्यात जे जमलं ते सांगते, तुम्हाला उपयोग होईल. लाइव्ह तास ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मी तास झाला की त्याच पानांचे चार फोटो आणि सात-आठ मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायची. "आता दुसऱ्या फोटोत तिसरा रकाना बघा," असं बोलत. याला डेटा किती कमी लागतो ते बघा, दीड जीबीत अख्ख्या घराचं भागवणाऱ्या पोरांना हेच परवडतं. एक मुलगा मासेमारीच्या होडीवर कामाला जायचा, तो किनाऱ्याला लागला की ऐकायचा आणि त्याचे गृहपाठ वर्गात सगळ्यात नीट असायचे. पोरांना कॅमेरा चालू करायची सक्ती करू नका. मागे काय दिसेल याची त्यांना लाज वाटते, मग ती तासालाच येत नाहीत.

आता नोकरी घ्यावी का. घ्या. पण रुजू व्हायच्या आधी फोन, डेटा, लॅपटॉप कुणाच्या खर्चाने ते लेखी घ्या. वहीतपासणी आणि रात्रीच्या शंका कामाच्या तासांत धरतात का तेही विचारा. बहुधा नाही म्हणतील, पण विचारा, म्हणजे त्यांनाही कळेल की ते काम आहे. आणि त्याहून आधी घरच्यांना एकत्र बसवून सांगा की अमुक ते अमुक वेळ मी घरात नाही. दार असलेली खोली घ्या. खोली नसेल तर वेळ ठरवून घ्या, पण घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या तोंडून ती ठरवून घ्या. मी हे केलं नाही. मला वाटलं, दिसतंय तर कळेल. रोज पहाटे पाचला ओटीवर दिवा लागलेला असायचा आणि तो घरात कुणाला दिसला नाही.

माझा अनुभव त्या एका वर्षाचा आणि खेड्यातला आहे, हे लक्षात ठेवा. आता आमच्याकडेही रेंज बरी आहे. तुम्हाला कंपनीची नोकरी मिळत असेल तर तिथे रेकॉर्डिंगची सोय, टॅब, सगळं असेल. भाषा किंवा इतिहास शिकवणाऱ्यांना तक्त्यांची भानगड नसते. माझी एक मैत्रीण मराठी शिकवते, तिला ऑनलाइनच जास्त आवडतं, तिची पोरं चॅटमध्ये वर्गापेक्षा जास्त बोलतात म्हणे.

आणि भाऊजी, तुम्ही या साइटवर असता हे मला माहीत आहे. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं नाही. त्याच रात्री साडेनऊला तुम्ही जेवून झोपलात, तेव्हा पाऊस थांबला होता. मी डबे पुन्हा अंगणात मांडले आणि ग्रुपवर लिंक टाकली. सतरा जण आले. त्याला सांगितलं की पहिल्याने नफ्यातल्या आपल्या वाट्याच्या मानाने जास्त पैसे घातलेत, ते आधी परत करून तिघांची भांडवलं प्रमाणात आणायची, म्हणजे पुढे पैसे कमी पडले तर तोटा तिघांवर प्रमाणातच पडेल. तो म्हणाला, "आता कळलं." अहवालात तो तास मी लिहिला, पण वेळापत्रकात नव्हता म्हणून त्याचे ५०० रुपये धरले गेले नाहीत.